रिओहा ग्रान रेसेर्वा जेवणात हरवते: चार स्पॅनिश रेडचा क्रम आणि जोड्या कशा लावाव्यात?

द्राक्षवेल

मंडळी, आठ जणांसाठी स्पॅनिश रेड वाइनची चाखणी आणि लगेच जेवण असा बेत आहे. बाटल्या चार, प्रत्येक प्रकारची एकच, ७५० मिलीची: रिओहा आलावेसातली कोसेचेरो (पिंपात न ठेवलेली, ताजी), रिओहा क्रिआन्सा, रिबेरा देल दुएरो रेसेर्वा आणि रिओहा ग्रान रेसेर्वा २०१०. (रिओहा आणि रिबेरा देल दुएरो हे स्पेनमधले वाइनचे प्रदेश.)

जेवण पूर्ण स्पॅनिश. सुरुवातीला नाव्हाराचा पांढरा आस्पारागस आणि हामोन इबेरिको (खारवून मुरवलेलं डुकराचं मांस), मग भाजलेल्या पिकियो मिरच्या, पातातास आ ला रिओहाना (चोरिसो, म्हणजे लाल मिरचीपुडीचं डुकराचं सॉसेज, घातलेले बटाटे), नंतर भट्टीत भाजलेलं कोवळं कोकरू, मग काब्रालेस आणि मान्चेगो ही दोन चीज, शेवटी डार्क चॉकलेट.

माझा हिशोब साधा होता. ग्रान रेसेर्वा सगळ्यांत वरच्या पायरीची, म्हणून ती सगळ्यांत जबरदस्त चवीच्या पदार्थाबरोबर, म्हणजे चोरिसोच्या बटाट्यांबरोबर द्यायची. रंगीत तालीम म्हणून त्याच वाइनची दुसरी बाटली उघडून पाहिली, तर बटाट्यांपुढे ती पाणी घातल्यासारखी लागली. दोन तास आधी डिकँटही केली होती, म्हणजे दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवली होती. बाटली खराब होती की माझंच गणित चुकतंय? क्रम, तापमान, किती ओतायची, कशाबरोबर काय, सगळंच सांगा. आठांपैकी दोघं मांस खात नाहीत.

एब्रोकाठ

बाटली बहुतेक ठणठणीत होती. गणित चुकलंय, आणि ते दोन ठिकाणी.

पहिली चूक 'वरची पायरी' या शब्दात आहे. क्रिआन्सा, रेसेर्वा, ग्रान रेसेर्वा हे शब्द वाइन किती काळ मुरवली ते सांगतात, ती किती दणकट आहे ते सांगत नाहीत. रिओहात क्रिआन्सा रेड म्हणजे किमान २ वर्षं, त्यातलं १ वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वा किमान ३ वर्षं, त्यात १ वर्ष पिंप आणि ६ महिने बाटली. ग्रान रेसेर्वा किमान ५ वर्षं, त्यात २ वर्षं पिंप आणि २ वर्षं बाटली. पिंप २२५ लिटरचं. लाकडातून थोडी थोडी हवा आत जाते आणि त्या काळात टॅनिनचे (तोंड तुरट करणाऱ्या पदार्थाचे) कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. काही गाळ होऊन तळाशी बसतात. उरतात ते जिभेला ओरबाडत नाहीत. रंग फिकटतो, ताज्या फळाचा वास मागे सरतो आणि वाळलेली चेरी, चामडं, तंबाखू, ओली पानं असे वास पुढे येतात. म्हणजे २०१० ची ग्रान रेसेर्वा ही चौघींतली सगळ्यांत नाजूक म्हातारी. तिला चोरिसोसमोर बसवलंत, तर तिचं बोलणं कुणाला ऐकू येणार?

दुसरी चूक दोन तासांच्या डिकँटची. जुन्या वाइनचा वास फार उडता असतो. ती डिकँट करायची ती गाळ वेगळा करण्यासाठी, हवा देण्यासाठी नव्हे. बाटली आदल्या दिवशी, निदान २४ तास, उभी ठेवा म्हणजे गाळ बुडाशी बसेल. ओतायच्या वेळी मानेखाली मोबाइलचा दिवा धरा आणि एकाच संथ धारेत ओता. मध्ये थांबून बाटली सरळ केलीत की गाळ उठलाच. खांद्यापाशी काळसर धागा दिसला की हात आवरा. ३०-४० मिली बाटलीत राहील, राहू द्या. हे सगळं ग्लासात ओतायच्या १०-१५ मिनिटं आधी.

रिबेराचं नेमकं उलट. तिला तासभर रुंद बुडाच्या भांड्यात मोकळं सोडा. द्राक्ष तेच, तेम्प्रानियो (तिकडे त्याला तिन्तो फिनो किंवा तिन्ता देल पाइस म्हणतात, आणि रिबेराच्या रेडमध्ये ते किमान ७५ टक्के असावंच लागतं), पण मळे समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या वर. दिवसा कडक ऊन, रात्री बोचरी थंडी, त्यामुळे साल जाड, रंग गडद आणि टॅनिन भरपूर. रेसेर्वा असली तरी पहिल्या अर्ध्या तासात ती आखडून बसलेली असते. कोसेचेरोला काहीच करू नका, उघडा आणि ओता. क्रिआन्साला ग्लासातली दहा मिनिटं पुरतात.

म्हणून चाखण्याचा क्रम: कोसेचेरो, क्रिआन्सा, ग्रान रेसेर्वा आणि सगळ्यांत शेवटी रिबेरा. रिबेरानंतर ग्रान रेसेर्वा घेतलीत, तर रिबेराचं टॅनिन जिभेवर साय धरावी तसं बसलेलं असतं आणि म्हातारी पुन्हा पाणचट वाटेल.

तापमानाबद्दल 'रेड म्हणजे खोलीच्या तापमानाला' हे डोक्यातून काढून टाका. ज्या खोल्यांवरून ते वाक्य आलं, त्या दगडी आणि थंड होत्या. कोसेचेरो १२ ते १४ अंश, क्रिआन्सा १५, रिबेरा १६, ग्रान रेसेर्वा १६ ते १७. वीस अंशांच्या वर गेली की अल्कोहोल नाकात शिरतं आणि बाकी सगळं झाकतं. फार गार केली तर टॅनिन कडवट लागतं. खोली २४ अंशांवर असेल तर बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं असलेल्या बादलीत बाटली साधारण दहा मिनिटांत १६ वर येते. नुसता बर्फ नको, तो काचेला नीट टेकत नाही आणि वेळ दुप्पट लागतो. फ्रिजमध्ये तेच काम व्हायला तासाच्या वर जाईल. स्वयंपाकाचा काटेवाला थर्मामीटर असेल तर पहिल्या ओतातच बुडवून बघा. ग्लासात गेल्यावर तापमान चढतच राहतं, म्हणून हव्या त्या आकड्यापेक्षा दोन अंश कमीवर ओता.

मात्रेचा हिशोब: ७५० मिली भागिले आठ म्हणजे माणशी ९० च्या जरा वर. चाखायला ४० मिली, एकूण ३२०. उरलेल्या ४३० मधून जेवणाबरोबर माणशी ५० मिली. ग्रान रेसेर्वात गाळापायी थोडी कमी येईल. चार वाइन मिळून प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ अर्धी बाटली येते, आणि यातल्या दोन-तीन साडेतेरा-साडेचौदा टक्क्यांच्या असतील. चाखणीच्या फेरीत थुंकायला भांडी ठेवा. आठ जणांत दोन पुरतात, तळाशी लाकडाचा भुसा किंवा कागद घाला म्हणजे शिंतोडे उडत नाहीत.

मातीचं_खापर

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी जेवणाच्या बाजूने लिहितो.

आधी एक खेळ करा, पाहुण्यांसकट. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढचं सगळं जेवण त्यामुळे उलगडतं. प्रत्येकापुढे एक बशी: चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, थोडा मध, मान्चेगोचा तुकडा. रिबेराचा एक छोटा घोट घ्या आणि हिरड्यांवर येणारा तुरटपणा लक्षात ठेवा. मग चार दाणे मीठ जिभेवर ठेवून दुसरा घोट घ्या. तुरटपणा एकदम मवाळ होतो आणि फळ पुढे येतं. लिंबू चाटून तिसरा घोट घ्या. वाइनचा आंबटपणा गायब होतो आणि ती गोडसर, जरा ढिली लागते. मधानंतरचा घोट सगळ्यांत वाईट: तीच वाइन कडू, कोरडी आणि आंबट. शेवटी चीज. त्यातली प्रथिनं टॅनिन पकडतात, चरबी तोंडाला वंगण देते आणि घोट सरळ खाली उतरतो. दोन चाचण्यांच्या मध्ये पाव आणि पाणी. पाव साधा असावा, लसणाचा नको.

आता हाच नियम तुमच्या जेवणाला लावा.

पांढरा आस्पारागस रेडबरोबर अजिबात नको. त्यातली गंधकाची संयुगं आणि टॅनिन एकत्र आले की तोंडात धातू चघळल्यासारखं होतं. त्यावर व्हिनेगर घातलंत तर आणखीच वाट. पदार्थ ठेवायचाच असेल तर त्यासाठी विउरा द्राक्षाची पांढरी रिओहा वेगळी उघडा, नाहीतर तो पाण्याबरोबर खाऊन संपवा.

हामोन कोसेचेरोबरोबर चालेल. खारट चरबी आणि जवळजवळ टॅनिन नसलेली गार वाइन, भांडण होत नाही. रिबेराबरोबर मात्र हामोनची गोडी मरते. खरं सांगायचं तर हामोनची जोडी फिनो किंवा मान्सानियाशी, पण ते शेरीचं प्रकरण, आज बाजूला ठेवू.

पिकियो मिरच्या, शक्यतो लोदोसाच्या, लाकडावर भाजून सोललेल्या. चव गोडसर आणि धुरकट, तिखट नाही. वर ऑलिव्हचं तेल आणि जाड मीठ. कोसेचेरो किंवा क्रिआन्सा. मीठ विसरलात तर मिरचीच्या गोडीमुळे क्रिआन्सा आंबट लागेल, मधाचा तोच खेळ.

पातातास आ ला रिओहाना ही क्रिआन्साची जागा, डोळे झाकून. आठ जणांसाठी, पुढे कोकरू आहे हे धरून, बटाटे दीड किलो, चोरिसो ३०० ग्रॅम, एक मोठा कांदा, दोन लसूणपाकळ्या, तीन-चार चोरिसेरो (वाळवलेल्या, गोडसर लाल) मिरच्यांचा गर, एक तमालपत्र. बटाटा चिरायचा नाही. सुरी अर्धी आत खुपसायची आणि मनगट वळवून तुकडा तोडायचा, 'कट्' असा आवाज येतो. स्पॅनिशमध्ये या कृतीला 'चास्कार' म्हणतात. तुटलेली खडबडीत बाजू पिठूळ पदार्थ सोडते आणि त्यानेच रस्सा दाट होतो. गुळगुळीत कापलेत तर पातळ लाल पाणी आणि त्यात पोहणारे बटाटे. पाणी बटाट्यांच्या जेमतेम वर, मंद आचेवर ३०-३५ मिनिटं, ढवळू नका, भांडंच हलवा.

चोरिसो 'दुल्से' (गोडसर) घ्या, 'पिकान्ते' (तिखट) नको. तिखटातलं कॅप्सायसिन आणि चौदा टक्के अल्कोहोल दोघं एकाच ठिकाणी जाळतात, आणि टॅनिन त्यात तेल ओततं. तुमच्या तालमीत चोरिसो तिखट होता का? असेल तर ग्रान रेसेर्वाचं काय झालं ते वेगळं सांगायला नको.

कोकरू ग्रान रेसेर्वाकडे. काब्रालेस काढून टाका. त्या निळ्या बुरशीचा झणका आणि टॅनिन एकमेकांना कडू करतात. त्याला पेद्रो हिमेनेससारखी गोड वाइनच हवी. त्याऐवजी इदियासाबाल घ्या. मेंढीच्या दुधाचं, किमान दोन महिने मुरलेलं, धुरी दिलेलं मिळालं तर उत्तम. ते आणि मान्चेगो दोन्ही रिबेराबरोबर. मान्चेगो फार कोवळं नको, सहा महिन्यांच्या पुढचं बघा, आणि जेवणाआधी तासभर फ्रिजबाहेर काढून ठेवा. गार चीजची चरबी घट्ट असते, ती टॅनिनचं काही करत नाही.

डार्क चॉकलेट आणि रिबेरा ही जोडी सगळीकडे सुचवतात. माझ्या मते ती कडूवर कडू आहे. गोड शेवट हवाच असेल तर आलिकान्तेची फोन्दियोन ही वाइन शोधा. अति पिकलेल्या मोनास्त्रेल द्राक्षाची, वरून अल्कोहोल न घातलेली, किमान दहा वर्षं मुरवलेली.

तळगाळ

कोकराच्या बाबतीत मतभेद नोंदवतो. आरान्दा दे दुएरोच्या (रिबेरातलं गाव) भट्ट्यांमध्ये लेचासोबरोबर रिबेराच असते, आणि ते काही उगाच नाही. दूधपितं कोकरू, कास्तिया ई लेओनच्या नोंदणीकृत लेचासोत जास्तीत जास्त ३५ दिवसांचं. त्या मांसात चिकटपणा खूप, ओठ ओठाला चिकटतात. तो थर कापायला टॅनिन हवं. ग्रान रेसेर्वात ते उरलेलंच नाही, असं वर एब्रोकाठ स्वतःच म्हणतायत.

एब्रोकाठ

@तळगाळ, मुद्दा बरोबर, पण तिथे बहुतेक वेळा पानाशेजारी असते ती 'रोब्ले' (पिंपात थोडेच महिने ठेवलेली) किंवा क्रिआन्सा, म्हणजे फळ अजून ताजं असलेली. इथे रेसेर्वा आहे, पिंपातला भाजका वास जास्त. पस्तीस दिवसांच्या कोकराला मांसाची चव अशी फारशी नसतेच. दूध, मीठ आणि कुरकुरीत कातडी. त्यावर कॉफी-चॉकलेटच्या वासाची रेसेर्वा ओतली की फक्त वाइन उरते. शिवाय चिकटपणा टॅनिनच कापतं असं नाही, आंबटपणाही कापतो, आणि चांगल्या रिओहा ग्रान रेसेर्वात तो पंधरा वर्षांनंतरही टिकून असतो. मिश्रणात ग्रासियानो किंवा मासुएलो द्राक्ष असेल तर जास्तच.

वय बघून ठरवा. लेचासो मिळाला तर ग्रान रेसेर्वा. चरायला लागलेलं, मोठं कोकरू असेल तर मांसाला स्वतःचा उग्र वास असतो, तिथे रिबेरा, आणि मग ग्रान रेसेर्वा अळंब्यांकडे वळवा.

तळगाळ

मान्य. तरी दोन्ही वाइन कोकराबरोबर अर्ध्या-अर्ध्या ओता, २५-२५ मिली. एकाच घासावर दोन घोट घेऊन पाहिल्याशिवाय हा वाद मिटायचा नाही.

लेचासोची कृतीही देऊन ठेवतो, कारण मसाले घातले की दोन्ही बाजू हरतात. सव्वा किलोच्या आसपासचे तीन चतकोर आठ जणांच्या चाखत-जेवणाला पुरतात. मातीचं पसरट भांडं, मांस कातडी खाली करून, फक्त मीठ, तळाला पेलाभर पाणी. १६० अंशांवर एक तास. मग उलटं करून कातडी वर, पाणी आटलं असेल तर थोडं गरम पाणी कडेने, कातडीवर नाही. आणखी ४५ ते ५० मिनिटं. शेवटी आच २१० करून १५ मिनिटं, कातडी फुगून सोनेरी होईपर्यंत. रोझमेरी, लिंबू, मोहरी काही नको. लसूणसुद्धा नको. तळाचा रस गाळून वेगळा द्या, त्यावर पिठाची दाट ग्रेव्ही करू नका.

बूच_आणि_बाटली

जेवणाचं झालं, आता चाखण्याच्या कृतीबद्दल. यात लोक घाई करतात.

ग्लास सगळ्यांना सारखे हवेत. एकाला फुगीर आणि दुसऱ्याला सरळ असेल तर दोघं वेगळ्याच वाइनबद्दल बोलत बसतील. प्रमाणित चाखणी-ग्लास २१५ मिलीच्या आसपासचा असतो, त्यात ४०-५० मिली म्हणजे गोल फिरवायला भरपूर जागा. ग्लास आदल्या दिवशी गरम पाण्याने धुऊन उघड्यावर सुकवा. कपाटात पालथे ठेवलेले ग्लास लाकडाचा आणि साबणाचा वास धरून ठेवतात, आणि मग आठ जण मिळून 'देवदार' शोधतात. पहिल्या ग्लासात चमचाभर वाइन घालून फिरवायची, तीच दुसऱ्यात, तिसऱ्यात, आणि शेवटी फेकून द्यायची. स्पेनमध्ये याला 'एन्विनार' म्हणतात.

रंग पांढऱ्या कागदावर ग्लास आडवा धरून बघा, ४५ अंशांत. नजर मध्यावर नको, कडेवर ठेवा. कोसेचेरोची कड जांभळी-गुलाबी, जवळजवळ फुशियासारखी. क्रिआन्सात ती माणकासारखी लाल होते. ग्रान रेसेर्वात मध्यभागी डाळिंबी आणि कडेला विटकरी, बाहेरचा काठ नारिंगीकडे झुकलेला, आणि हा फिका पट्टा चौघींत सगळ्यांत रुंद. रिबेरा इतकी गडद की खालचं अक्षर वाचता येत नाही.

वास दोनदा घ्या, आधी न हलवता, मग फिरवून. न हलवता येतो तो सगळ्यांत हलका भाग, आणि दोषही तिथेच पकडले जातात.

कोसेचेरोत केळं, स्ट्रॉबेरी, चेरीचा अर्क असे वास येतील. कुणाला ती कृत्रिम वाटेल. तसं नाही, ते पद्धतीचं काम. घोस न चिरडता अख्खे टाकीत ठेवतात, कार्बन डायऑक्साइडमध्ये मण्याच्या आतच किण्वन सुरू होतं. सालाशी संबंध कमी, म्हणून टॅनिनही कमी. ही वाइन त्या वर्षातच प्यायची.

जुन्या पद्धतीच्या रिओहात नारळ आणि व्हॅनिला आला तर तो द्राक्षाचा नाही, अमेरिकन ओकचा. त्या लाकडात लॅक्टोन नावाची संयुगं जास्त असतात, नारळाचा वास त्यांचा. फ्रेंच ओकमध्ये ती कमी, तिथे लवंग आणि देवदार पुढे येतात. तेम्प्रानियोचं स्वतःचं म्हणाल तर लाल चेरी, आलुबुखार, जरा सुकी पानं. लाकूड बाजूला सारून ते शोधणं हीच खरी कसरत.

तोंडात घोट घेतल्यावर लगेच गिळू नका. जिभेच्या कडांना पाणी सुटतं तो आंबटपणा. हिरड्या आणि वरचा ओठ कोरडे पडतात तो तुरटपणा. घशात ऊब येते ती अल्कोहोलची. तिन्हींत गल्लत करतात, विशेषतः आंबट आणि तुरट यांच्यात. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मनात सेकंद मोजा. चव पाचच्या आत संपली तर शेवट आखूड, पंधराच्या पुढे गेली तर लांब.

आता दोष. ओला पुठ्ठा, दमट तळघर असा वास आला आणि फळ मुकं झालं तर वाइनला बुचाचा दोष लागलेला आहे. कारण टीसीए नावाचं संयुग. हवा देऊन ते जात नाही, उलट जास्त जाणवायला लागतं. बाटली बाद. उकडलेलं अंडं किंवा जळकी काडी असेल तर ती हवेअभावी गुदमरलेली, जोरात फिरवा, दहा मिनिटांत निवळते. तबेला, औषधी पट्टी असा वास ब्रेटानोमायसीस यीस्टचा. थोडा असेल तर काहींना आवडतो, फळावर बसला तर दोष. नेलपॉलिश किंवा व्हिनेगर जाणवलं तर वाष्पशील आम्ल वाढलंय. जुन्या ग्रान रेसेर्वात त्याची किंचित धार असतेच, डोळे चुरचुरले तर मात्र सोडून द्या.

@द्राक्षवेल, तालमीची बाटली नुसती पाणचट होती की पुठ्ठ्याचा वास होता? टीसीए अगदी कमी प्रमाणात असलं तर पुठ्ठा जाणवत नाही, फक्त फळ गायब होतं. तेव्हा २०१० ची एकच बाटली असेल तर ऐनवेळी बदली म्हणून एक साधी रेसेर्वा हाताशी ठेवा. आणि बूच काढताना जपून. इतकं जुनं बूच स्क्रूने मधोमध तुटतं. दोन पात्यांचं ओपनर मिळालं तर ते वापरा, पाती बुचाच्या कडेने डोलवत आत सरकवायची आणि पिळत वर ओढायचं.

द्राक्षवेल

भरपूर मिळालं, धन्यवाद. चोरिसो पिकान्तेच होता. पुठ्ठ्याचा वास नव्हता, आणि बटाटे यायच्या आधीचा पहिला घोट बराच बरा लागला होता, म्हणजे बाटली सुटली. लेचासो मिळणार आहे. राहिले मांस न खाणारे दोघं. त्यांना मेनेस्त्रा द्यावी म्हणतो, भाज्यांची, रिओहा-नाव्हाराकडचीच आहे.

मातीचं_खापर

मेनेस्त्रा नको! तिच्यात आस्पारागस आणि आर्टिचोक दोन्ही असतात. आर्टिचोकमधल्या सायनारिनमुळे त्यानंतर घेतलेलं काहीही गोडसर लागतं, पाणीसुद्धा. चारही वाइन बिघडतील.

त्याऐवजी क्रिआन्साच्या वेळी पोचास द्या, म्हणजे शेंगेतून नुकतेच काढलेले, न वाळवलेले पांढरे घेवडे. कांदा, चोरिसेरो मिरचीचा गर, चमचाभर गोड पिमेन्तोन दे ला वेरा (धुरी दिलेली लाल मिरचीपूड). त्या पिमेन्तोनला ओकच्या धुराचा वास असतो, चोरिसोची उणीव तोच भरून काढतो. पिमेन्तोन गरम तेलात टाकलात तर दहा सेकंदांत जळून कडू होतो, भांडं आचेवरून उतरवून घाला. पोचासचा हंगाम नसेल तर वाळवलेले पांढरे घेवडे रात्रभर भिजवून, मात्र मंद शिजवा, साल फुटू देऊ नका.

ग्रान रेसेर्वाच्या वेळी अळंबी. रिओहातल्या लोग्रोन्यो शहराच्या काये लाउरेल गल्लीत मिळतात तशी, तव्यावर, देठ काढून पोकळ बाजू वर, आत तेल, लसूण, मीठ. पोकळीत रस साचला की झाली, उलटवायची नाहीत. यात एक मेख आहे. अळंबीत उमामी (मांसासारखी खमंग चव) भरपूर आणि उमामीमुळे टॅनिन कडू लागतं, म्हणून रिबेराबरोबर हीच अळंबी फसेल. ग्रान रेसेर्वात टॅनिन मवाळ, शिवाय ओल्या पानांचा वास दोघांकडेही, त्यामुळे जमतं. मीठ नेहमीपेक्षा थोडं चढं ठेवा. लसूण आठ टोप्यांना दीड पाकळी, त्याहून जास्त नको, म्हातारी घाबरते. चीज सगळ्यांना तेच. फक्त दोघंही कडक शाकाहारी असतील तर बघून घ्या, मान्चेगो आणि इदियासाबाल दोन्हींत बहुधा जनावराच्या पोटातलं रेनेट (दूध विरजणारा पदार्थ) असतं.

बूच_आणि_बाटली

रेनेटवरून आठवलं, वनस्पतिज म्हणून कुणी तोर्ता देल कासार सुचवेल. ते काटेरी फुलाच्या अर्काने विरजतात, मऊ असतं, चमच्याने खातात, झकास चीज. पण शेवटाला किंचित कडवट असतं आणि रिबेराचं टॅनिन नेमकं तेच वर काढतं. दोघांना ते द्यायचं असेल तर रिबेराऐवजी कोसेचेरोची उरलेली बाटली पुन्हा १३ अंशांवर आणून ओता. म्हणजे सुरुवातीलाच तिची १०० मिली बाजूला काढून, छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी लागेल.